मुंबईच्या घरात बाथरोबचा रोजचा उपयोग काय? अनुभव सांगा

मीरा_मुलुंड
नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन बाथरोब आहेत, लग्नात आहेरात आलेले, जाड पांढऱ्या टेरीचे, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या कापडाचे. वन बीएचके घर, एकच बाथरूम, पाण्याची वेळ ठरलेली आणि सकाळी साडेआठच्या आत चौघांना घराबाहेर पडायचं. अशा घरात आंघोळ झाल्यावर झगा घालून निवांत बसणार कोण? पण कापड इतकं छान आहे की टाकवत नाही. नवरा म्हणतो कुणाला तरी देऊन टाक. सासूबाई म्हणतात फाडून पायपुसणी कर.

मला मात्र वाटतं की वस्तू कामाची आहे, आपल्याला तिची सवय नाही एवढंच. तुमच्यापैकी कुणी रोज वापरतं का? नेमकं कशासाठी? पावसाळ्यात वाळतो का? हॉटेलातल्या गमती नकोत, घरातलं सांगा.

साधी_कॉफी
मी वापरते. रोज नाही, न्हायच्या दिवशी. केस कमरेपर्यंत आहेत. कितीही पिळले तरी अर्धा तास पाणी पाठीवर ओघळतं आणि गाऊन मागून पूर्ण भिजतो. रोब घातला की ते पाणी रोब पितो. तेवढ्यात चहा होतो, डबे भरून होतात, केसही निम्मे वाळतात. मग कोरडे कपडे घालून ट्रेन पकडायची. दादरला उतरेपर्यंत पाठ ओली राहत नाही, हे सुख मोठं आहे.

खिडकीपाशी
मीराताई, माझं मत वेगळं आहे. ही थंड हवेच्या देशातली वस्तू आहे. तिकडे न्हाणीघरातून बाहेर पडलं की हुडहुडी भरते, म्हणून अंगावर जाड काहीतरी लागतं. मुंबईत आंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा घाम. त्यावर किलोभर टेरी चढवायची? आपला पंचा बघा. पातळ, सुती, अंग पुसतो, कमरेला गुंडाळता येतो, पिळून दोरीवर टाकला की कपडे घालेपर्यंत वाळतो. आपल्या हवेने निवडलेलं कापड आहे ते. रोब कपाटात जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही.

पोहणारा_पक्या
पंच्याला +१. पण मुलांच्या पोहण्यासाठी रोबच!

सूत_धागा
खिडकीपाशी, तुमचं निम्मं पटलं. कापडाच्या धंद्यात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळे रोब एका जातीचे नसतात. आहेरात येतात ते बहुतेक जाड टेरीचे, चारशे जीएसएम किंवा त्याच्या वरचे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मोठ्या माणसाच्या रोबला अडीच-तीन चौरस मीटर कापड सहज जातं, म्हणजे रोब कोरडा असतानाच किलोच्या वर भरतो. जुलै महिन्यात तो मुंबईत वाळत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण वॉफल विणीचा रोब मिळतो. त्यावर चौकोनी खळगे असतात, साधारण दोनशे ते अडीचशे जीएसएम. खळग्यांमुळे कापड अंगाला सबंध चिकटत नाही, हवा खेळती राहते आणि वाळायला टेरीच्या मानाने फार कमी वेळ लागतो. मुंबईसाठी रोब घ्यायचाच तर हा. मायक्रोफायबरचा हलका असतो, पण आपल्या दमट हवेत अंगावर गुदमरल्यासारखं होतं. व्हेलोरचा बाहेरून मखमली दिसतो कारण त्या बाजूचे लूप कातरलेले असतात. दिसायला देखणा, पाणी शोषण्यात मात्र साध्या टेरीपेक्षा मागे.

चाळकरी
खिडकीपाशी म्हणतात ही परदेशी चैन. मला आमची गिरगावातली खोली आठवली.

दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यात मोरी. कमरेएवढी भिंत आणि वर तारेला अडकवलेला पडदा. आई, काकू, आत्या आंघोळीला गेल्या की घरातले पुरुष न सांगता गॅलरीत जाऊन उभे राहायचे, वर्तमानपत्र घेऊन. बाई मोरीतून निघणार ती परकर छातीशी बांधून, खांद्यावर पंचा टाकून. आणि त्या दीड हात जागेत, पडद्याआड, ओलेत्या अंगावर साडी नेसायची. ब्लाऊज दंडाला चिकटून वर चढायचा नाही. निऱ्या घालताना साडीचा काठ मोरीच्या पाण्यात बुडायचा, रोज. बाहेर काका हाक मारणार, "झालं का गं? माझी लोकल जाईल."

आत्या नोकरी करायची, फोर्टात. तिने एकदा दोन मोठे टॉवेल शिंप्याकडे नेले आणि पुढून उघडणारा, बाह्यांचा, पायाच्या पोटरीपर्यंत येणारा झगा शिवून आणला. चाळीत चर्चा झाली, आजी चार दिवस कुरकुरली. पण त्यानंतर आत्या मोरीतून झगा घालून बाहेर यायची, पुरुषांना आत बोलवायची आणि कपाटासमोर उभी राहून आज कुठली साडी हे ठरवायची. मग आईने तो झगा उसना घेतला. मग काकूने. शेवटी घरात एकच झगा आणि तिघी बायका, त्याच्यासाठी नंबर लागायचे.

हॉटेलात त्याला काय म्हणतात ते असो. आमच्या घरातल्या बायकांना सकाळची पाच मिनिटं त्याने दिली. ती आधी त्यांच्याकडे नव्हती.

साधी_कॉफी
चाळकरी, वाचून आजीची आठवण आली. ती शेवटपर्यंत ओलेत्यानेच साडी नेसायची.

खिडकीपाशी
चाळकरी, उत्तम लिहिलंत. आत्याचा झगा मान्य! माझा विरोध जाड पांढऱ्या ढिगाला आहे, कल्पनेला नाही.

परळकर_आजोबा
टेरीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होतो, ८२ च्या गिरणी संपापर्यंत. काही वर्षं टॉवेलच्या साच्यांवर काढली. टॉवेल सगळे वापरतात, पण त्यावरचे लूप कसे उभे राहतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

टेरीच्या साच्यावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एक घट्ट ताणलेला, तो जमिनीचा. दुसरा सैल सोडलेला, तो लुपांचा. पहिले दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, पडले की फणी त्यांना पूर्ण पुढे नेत नाही, थोडं अंतर ठेवते. तिसरा बाणा पडला की फणी तिघांना एकदम ठोकून कापडापर्यंत नेते. घट्ट ताणा तसाच राहतो, सैल ताणा मात्र त्या ठोक्यासरशी वर उचलला जातो आणि त्याचा लूप बनतो. खाली एक, वर एक. सैल बीमचा ताण जरा चुकला की लूप लहानमोठे पडायचे आणि जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येऊन उभा राहायचा. हातांना अजून तो ताण आठवतो.

यातून घरातल्या बायकांना एक कामाची गोष्ट सांगतो. रोबचा किंवा टॉवेलचा लूप खिळ्याला, बांगडीला अडकून लांब ओढला गेला तर तो ओढू नका, कात्रीने कापा. जमिनीच्या विणीने तो धरलेला असतो, उसवत नाही. ओढलात तर मात्र ओळीतले पुढचे लूप जातील.

सूत_धागा
आजोबा, दंडवत. कॉलेजात दोन तासिका घेऊन शिकवलेलं तुम्ही एका परिच्छेदात सांगितलंत. थोडी भर घालतो: हे लूपवालं कापड युरोपने तुर्कस्तानातून उचललं. हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजाने तिथले टॉवेल पाहिले आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांच्या कारखान्याने ते मांडले. आपल्याकडे आजही लोक टर्किश टॉवेल म्हणतात ते त्यामुळेच.

सोलापूरकर_पार्ल्यात
टॉवेलचा विषय आणि सोलापूरचं नाव नाही? आमच्या चादरीसारखंच सोलापूर टेरी टॉवेललाही जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे. गावी गेलो की कारखान्याच्या दुकानातून टेरीचा झगा आणतो, अंगाला थोडा खरखरीत लागतो पण पाणी असा ओढतो की बस. मऊ कापड आणि शोषणारं कापड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात गालाला लावून निवडू नका.

रिमझिम_बोरिवली
आता धागा विणकामाच्या खात्यात गेला.

पोहणारा_पक्या
धागा आहे, विणकामाकडेच जाणार की!

पोहणारा_पक्या
बरं, पोहण्याचं राहिलं होतं. दोन्ही मुलं शिवाजी पार्कच्या महापालिकेच्या तलावावर सकाळच्या बॅचला जातात. बॅच संपली की कपडे बदलायच्या खोलीत झुंबड. पोरं ओल्या फरशीवर एका पायावर उड्या मारत पँट चढवणार, निम्मे कपडे खाली पडून भिजणार. आम्ही टोपीवाले छोटे रोब घेतले. कॉस्च्यूम काढायचा, शॉवर घ्यायचा, रोब चढवायचा, आतल्या आत पँट घालायची आणि स्कूटरवर घर. डोकं पुसायला वेगळा टॉवेल लागत नाही, टोपीनेच काम होतं. वारा लागून शिंका येणंही कमी झालं.

एकच काळजी घ्यावी लागते. तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, रंगीत रोब त्याने लवकर विटतो आणि कापडही कमजोर होतं. घरी आल्याबरोबर साध्या पाण्यातून काढायचा, बादलीत संध्याकाळपर्यंत ठेवायचा नाही.

ड्रेसदादा_गोरेगाव
वीस वर्षं मालिकांच्या सेटवर कपडेपट सांभाळतो. आमच्याकडे रोब रोज निघतो, चैनीसाठी नाही.

पहिला उपयोग मेकअपच्या खुर्चीत. नटीने नऊवारी नेसली, दागिने चढवले आणि मग पावडर, हेअर स्प्रे. साडीवर पांढरे डाग पडले की कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटशी दुसऱ्याचा मेळ, गेली. म्हणून वरून रोब. पुढून उघडतो, डोक्यावरून काढावा लागत नाही, त्यामुळे केशरचना आणि विग शाबूत.

दुसरा उपयोग पावसाच्या सीनला. टँकर लावून पाऊस पाडतात. कलाकार भिजतो, टेक होतो, कॅमेरा जागा बदलतो, त्यात अर्धा-पाऊण तास जातो. पुढच्या टेकला कपडे तसेच ओले दिसायला हवेत म्हणून बदलता येत नाहीत. रात्रीच्या शूटिंगला माणूस अक्षरशः कुडकुडतो, मुंबईतसुद्धा. आम्ही ओल्या कपड्यांवरून जाड रोब घालतो, हातात आल्याचा चहा देतो. खिडकीपाशी साहेब, तिथे पंचा पुरत नाही.

रात्रपाळी
मीराताईंनी हॉटेलातलं नको म्हटलंय, पण मी हाऊसकीपिंगला आहे, तेव्हा कामाचं तेवढंच सांगतो. आमच्याकडे प्रत्येक रोबचे किमान तीन संच असतात. एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात. याचं कारण तो वाळायला आणि थंड व्हायला वेळ लागतो. घरी एकच रोब ठेवून रोज वापरायचा म्हटलं तर तो ओलाच पुन्हा अंगावर चढणार आणि तिथूनच कुबट वास सुरू होतो. दोन असतील तर आलटून पालटून वापरा.

आणि पाहुण्यांनी चपला नेल्या तर आम्ही काही म्हणत नाही. रोब बॅगेत गेला तर बिलात लागतो.

रिमझिम_बोरिवली
वासावर कुणीतरी नीट लिहा हो. माझा रोब धुतलेला असतो, वाळलेला असतो, तरी अंगावर घातला आणि जरा दमट झाला की वास येतो.

सूत_धागा
रिमझिम, तो वास वरवरचा नसतो. लुपांच्या मुळाशी साबण, अंगाचं तेल आणि मृत त्वचेचा थर साचतो, त्यावर जंतू वाढतात. ओल मिळाली की पुन्हा जागे होतात.

फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद करा. तो सुतावर तेलकट थर चढवतो. हाताला मऊ लागतं, पण पाणी शोषलं जात नाही आणि आतली घाण निघत नाही. डिटर्जंटही जास्त टाकू नका, जाड कापडातून तो पूर्ण निघत नाही. मशीनला रोब एकटाच लावा, साठ अंश पाण्यात, कपड्यावरच्या पट्टीवर तेवढ्या गरम पाण्याला परवानगी असेल तर. शेवटच्या खळबळीत वाटीभर पांढरं व्हिनेगर टाकलं तर साचलेला साबण सुटतो. पण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नको, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वाळत घालायच्या आधी दोन्ही हातांनी जोरात झटका, दबलेले लूप उभे राहतात. इस्त्री नको.

अंगणवेल
माझ्याकडून वाळवण्याबद्दल. आमची खिडकी ग्रिलची, वर पुलीचा स्टँड, पावसाळ्यात चार महिने सगळं घरातच. रोब वाळलाय असं वाटतं आणि नसतो. मी आता चार ठिकाणी हात लावून बघते. गळपट्टीची घडी, कारण तिथे कापड दुहेरी असतं. काखा. खिशाचा तळ. आणि पट्टा ज्या नाड्यांमधून जातो ती जागा. या चार जागा कोरड्या तर सगळा रोब कोरडा. म्हणून वाळत घालताना उलटा करते, खिसे बाहेर ओढते, पट्टा काढून वेगळा टाकते आणि बाह्यांमध्ये हँगर घालून पंख्याच्या झोतात ठेवते. दोरीवर दुमडून टाकला तर दोन दिवस जातात.

साधी_कॉफी
अंगणवेल, हे मी छापून दाराला लावणार आहे.

फिजिओताई
साधी_कॉफी, तुमच्या पहिल्या प्रतिसादावर आधी लिहायला हवं होतं, कुणीच बोललं नाही. रोब घालून गॅसपाशी जाऊ नका, कृपया. बाह्या सैल असतात, पट्टा लोंबतो आणि लूप असलेल्या सुती कापडावर ज्योत पटकन पसरते. अमेरिकेत २००९ साली शेनीलचे (मऊ, केसाळ धाग्याचे) झगे बाजारातून परत मागवले होते, स्वयंपाक करताना पेट घेऊन बायका दगावल्या म्हणून. चहा करायचा तर बाह्या कोपराच्या वर दुमडून पिन लावा, नाहीतर गॅस दुसऱ्याला पेटवू द्या.

साधी_कॉफी
ताई, खरंच लक्षात आलं नव्हतं. उद्यापासून केसांना पंचा आणि डबे आधी भरून ठेवते. खूप आभार.

फिजिओताई
आता मीराताईंच्या मूळ प्रश्नाकडे. माझ्या कामात रोब ही मी घरच्यांना मुद्दाम आणायला सांगते ती वस्तू आहे, आणि याबद्दल मला मनापासून बोलायचंय.

घरातली म्हातारी माणसं बरेचदा पडतात ती बाथरूममध्ये आणि बाथरूमच्या दारात. आंघोळ करताना ती बसलेली असतात, सांभाळून असतात. आंघोळ संपली की उभं राहून अंग पुसायचं, वाकून पाय पुसायचे, एका पायावर उभं राहून लेंगा किंवा परकर चढवायचा, आणि हे सगळं ओल्या लाद्यांवर. तिथे तोल जातो. मुंबईच्या तीन बाय चारच्या बाथरूममध्ये धरायला जागा नाही आणि मदतीला दुसरं माणूस आत मावत नाही.

त्यांना स्टुलावर बसल्या बसल्या रोब घाला. अंग पुसायची घाईच नाही, रोब पुसतो. मग हाताला धरून बाहेर आणा, कोरड्या जागी, पलंगावर बसवा आणि सावकाश कपडे घाला. दारात शेजारीण आली, मुलगा आत आला, तरी अंग झाकलेलं आहे. आजोबा-आजींना सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचा. सुनेसमोर, मुलासमोर उघडं व्हावं लागतं म्हणून कितीतरी जण आंघोळच टाळतात. कारण विचारलं तर "आज थंडी वाजतेय" म्हणतात.

खांदा मोडलेला असेल, पक्षाघाताने एक बाजू अधू असेल तर घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना दुखरा हात शेवटी. डोक्यावरून घालायचा कुठलाही कपडा त्या काळात नको.

पण बाजारातला रोब जसाच्या तसा देऊ नका. लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत कापा, घोट्यापर्यंत आला की पायात येतो. लोंबणारा पट्टा काढून टाका, पुढे टिचबटणं किंवा वेल्क्रो लावा. बाही मनगटाच्या वर ठेवा. आणि पातळ कापड निवडा, ओल्या जाड टेरीचं वजन अशक्त माणसाच्या खांद्यांना जाणवतं.

अबोली_दहिसर
फिजिओताई, डोळ्यात पाणी आलं. माझी स्तनाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा हात खांद्याच्या वर जात नव्हता. निचऱ्याची नळी आणि तिची बाटली सतत सोबत. नर्सने सुचवलं म्हणून बहिणीने सुती रोब आणला आणि आतून दोन खिसे शिवले. बाटली खिशात, दोन्ही हात मोकळे. तपासणीला डॉक्टर आले की पुढून हवं तेवढंच उघडायचं. त्या काळात माझं शरीर माझ्या ताब्यात आहे असं वाटायला लावणाऱ्या गोष्टी फार थोड्या होत्या, त्यातली ही एक.

चाळकरी
अबोली, तब्येतीला जपा. बहिणीला सांगा, एका चाळकऱ्याने हात जोडलेत.

अंगणवेल
बाळंतिणींसाठीही लिहून ठेवते. मालिशवाल्या बाई सकाळी येतात, आधी आईला तेल, मग बाळाला. तेल लावल्यावर शेक होईपर्यंत अंगावर काय घालायचं हा प्रश्न असतो. जुना रोब उत्तम. मध्येच बाळ रडलं तर पाजायलाही सोयीचं. दिवाळीत नरक चतुर्दशीला आमच्याकडे तोच निघतो, तेल-उटणं लावून आंघोळीची पाळी येईपर्यंत. मात्र तेलाचा रोब वेगळा ठेवा. टेरीने एकदा तेल प्यायलं की पाणी शोषणं कमी होतं, आणि वास खवट होतो तो वेगळाच.

खिडकीपाशी
फिजिओताईंचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, आंघोळ झाल्यावर आतून कडी लावून कपडे घालतात, मदत नको म्हणतात. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पंच्याच्या कापडाचा मिळतो का बघ." सूत_धागा, मिळतो का?

सूत_धागा
तयार मिळणं अवघड आहे, शिवून घ्या. मंगलदास मार्केटमध्ये सुती कापड मीटरवर मिळतं, वॉफलची चौकशीही तिथेच करा. पंच्याच्या पातळ कापडाला दोन पदर लावून शिवलात तर वडिलांना हवा तसा हलका होईल आणि पाणीही नीट शोषेल. अस्तर वेगळ्या कापडाचं लावू नका, धुतल्यावर दोन्ही वेगवेगळं आटतं आणि झगा वाकडा होतो. शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवून घ्या.

आणि दाराची कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवा.

मीरा_मुलुंड
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे रात्री सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली आहे, त्यामुळे फिजिओताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. पायपुसण्यांचा विषय त्यांनी स्वतःच रद्द केला. एक रोब त्यांच्या मापाचा करायचा ठरलाय, पोटरीपर्यंत, टिचबटणांचा. दुसरा मुलीच्या पोहण्यासाठी, कापून लहान. पक्यादादा, टोपी कशी जोडायची ते सांगा.

अडचण अशी की आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी टेरीला हात लावायला तयार नाही. म्हणतो कापलं की धागे सांडतात, मशीनमध्ये लव अडकते. घरी साधी पायमशीन आहे. जमेल का?

परळकर_आजोबा
जमेल. आधी कापू नकोस, बाळा. जिथे कापायचं तिथे खडूने रेघ मार, रेघेच्या दोन्ही बाजूंना मशीनची एक-एक टीप मार, मग मधून काप. टीप लुपांना धरून ठेवते, लव सांडत नाही.

सूत_धागा
आजोबांचं ऐका. सुई सोळा नंबरची लावा, बारीक सुई मोडेल. टाका मोठा ठेवा आणि दाबपट्टीचा दाब थोडा कमी करा, नाहीतर वरचा पदर पुढे सरकतो. काठ एकदाच दुमडा, दोनदा दुमडला तर फार जाड होतो आणि नेमका तिथेच ओल धरतो. उघड्या कडेवर सुती बायस पट्टी (तिरकस कापलेली) लावा. दर थोड्या वेळाने सुईखालची पट्टी उघडून ब्रशने लव काढा आणि शेवटी मशीनला तेल द्या.

पोहणारा_पक्या
टोपी: कापलेल्या खालच्या भागातूनच निघते. मुलीच्या फ्रॉकची किंवा जॅकेटची टोपी असेल तर ती कागदावर ठेवून आकार काढा, चारी बाजूंनी बोटभर जास्त धरा. गळपट्टी उसवून टाका आणि तिथेच जोडा. टोपीला नाडी मात्र लावू नका, गळ्यात अडकते.

मीरा_मुलुंड
रविवारी बसते मशीनवर. सासूबाई म्हणाल्या, आधी त्यांचा.